ऑफिस २०१० वरून २०२४ वर आले आणि प्रबंधाची २५ पानं गायब

टायपिंगताई_कराड
नमस्कार मंडळी, कुणाला माहीत असेल तर जरा लवकर सांगा, डोकं चालेनासं झालंय. माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. विंडोज ७ आणि ऑफिस २०१० वर १३ वर्षं काढली, कधी तक्रार नाही, पण आता पीसी मधेच बंद पडायला लागला म्हणून मुलाने हट्टाने नवीन घ्यायला लावला, विंडोज ११ आणि ऑफिस २०२४ वाला. सगळ्या फाइली पेनड्राइव्हने आणल्या, उघडल्या, सगळं मराठी नीट दिसतंय, चौकोन वगैरे काही नाही. पण एका पोराचा पीएचडीचा प्रबंध आहे, मंगल फॉन्टमधला, ७ प्रकरणं ७ फाइलींत. जुन्यावर २१२ पानं होती, इथं १८७ भरतायत!! मजकूर एक ओळ गेलेला नाही, मी दोन प्रकरणं ओळीला ओळ लावून बघितली. अनुक्रमणिका हाताने टाइप केलेली आहे (हो माहितीय, बोलू नका), त्यावर गाइडची सही झालीये आणि सोमवारी बाइंडिंगला द्यायचंय. फॉन्टच्या खिडकीत मंगलच लिहिलेलं दिसतंय मग पानं कमी कशी झाली?

दोनहजारसात_जिंदाबाद
म्हणून मी अजून २००७ वर आहे. चालतंय ते चालू द्यायचं. नव्यात नेमकं काय मिळतं ते मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

मात्रावेलांटी
ताई, घाबरू नका, मजकूर कुठं जात नाही. तुमच्या मशीनवर मंगल नाहीच आहे. विंडोज ७ मध्ये तो आपोआप यायचा, विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टने मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे सगळे बाजूला काढून ऐच्छिक गठ्ठ्यात टाकलेत आणि मूळ विंडोजबरोबर देवनागरीसाठी निर्मला यूआय येतो. वर्डची खोड अशी की फॉन्ट नसला तरी खिडकीत नाव जुनंच दाखवतो आणि आतून दुसराच लावतो, त्यामुळे माणूस फसतो. खात्री करायची असेल तर फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड मध्ये खाली फॉन्ट सब्स्टिट्यूशनचं बटण आहे ते दाबा, कुठल्या फॉन्टच्या जागी काय बसवलंय ते तिथं कळेल.

आता पानं का कमी झाली, तर मंगल दोन ओळींत भरपूर जागा सोडतो, वर मात्रा खाली उकार सगळं मोकळं बसावं म्हणून, आणि निर्मला त्या मानाने आवळून बसतो. पानामागे तीन-चार ओळी जास्त मावल्या की दोनशे पानांत २५ पानं सहज जातात.

उपाय सोपा आहे, सेटिंग्जमध्ये सिस्टीम, ऑप्शनल फीचर्स, तिथं व्ह्यू फीचर्स करून देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स शोधा आणि इन्स्टॉल करा. नेट लागेल. मग वर्ड पूर्ण बंद करून परत उघडा.

आणि एक, वर कम्पॅटिबिलिटी मोड (म्हणजे जुन्या वर्डची फाइल जुन्याच पद्धतीने मांडलेली) लिहून येतंय ना? येऊ द्या. फाइल, इन्फो मध्ये कन्व्हर्ट असं बटण दिसेल, या कामापुरतं त्याला हातसुद्धा लावू नका. त्याने फाइल नव्या पद्धतीने मांडली जाते आणि पानं परत हलू शकतात.

खिळेजुळारी
मात्रावेलांटी बरोबर बोलतायत. माझ्याकडून एक भर, कारण नवीन ऑफिस टाकलं की हे १०० टक्के होतं आणि दोन दिवसांनी लक्षात येतं. तुमच्याकडे कोर्टाची किंवा जुन्या गिऱ्हाइकांची कामं कृतिदेवमध्ये (इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं बसवलेला जुना फॉन्ट) असतील तर ऑटोकरेक्ट, म्हणजे टाइप करताना वर्ड आपणहून अक्षरं बदलतो ती सोय, आजच बंद करा. जुन्या पीसीवर ते कधीतरी बंद केलेलं असतं आणि आपण विसरून जातो, नव्यावर सगळं परत चालू होऊन येतं. कृतिदेव ०१० मध्ये स्मॉल डी म्हणजे क आणि कॅपिटल डी म्हणजे अर्धा क्, बरोबर? वर्डला वाटतं हे इंग्रजी वाक्य सुरू झालं, तो पहिलं अक्षर कॅपिटल करतो, आणि तुमच्या वाक्याच्या सुरुवातीचा क लंगडा होतो. सरळ अवतरण चिन्हाचं वाकडं करणारी जी सोय आहे तीपण काढा, त्या बटणांवर या फॉन्टांत आपली अक्षरं बसवलेली आहेत. मी एकदा आख्खं खरेदीखत असं छापून दिलं होतं, वकीलसाहेबांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं 😅

तुम्ही वर्षानुवर्षं स्वतःचे शॉर्टकट, मॅक्रो बनवले असतील तर ते नॉर्मल डॉट डॉटएम नावाच्या फाइलीत असतात, जुन्या पीसीच्या टेम्प्लेट्स फोल्डरमधून ती उचलून ठेवा. तो पीसी भंगारात देऊ नका एवढ्यात.

मुक्त_लेखणी
यातलं काहीच झालं नसतं जर ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस हे दुसरं सॉफ्टवेअर वापरलं असतं. फुकट आहे आणि दर सहा महिन्यांनी नवीन येतं.

खिळेजुळारी
हो का, मग तुमच्या लिब्रेचं २५.८ व्हर्जन विंडोज ७ वर चालवून दाखवा. आणि मंगल मशीनवर नसेल तर लिब्रे काय घरून आणणार आहे?

मुक्त_लेखणी
७ वर चालत नाही हे मान्य, ७ आणि ८ चा आधार २५.८ मध्ये काढलाच. फॉन्टचंही मान्य. मी एवढंच म्हणत होतो की पैसे वाचले असते.

दोनहजारसात_जिंदाबाद
२००७ पण ७ वर चालतं.

पानजोडणी_नाशिक
माझा विषय थोडा वेगळा पण दुखणं तेच. आमच्याकडे दिवाळी अंकाचं काम पेजमेकर ७ मध्ये व्हायचं, ते २००१ सालचं पानं मांडायचं सॉफ्टवेअर, आम्ही ते पुढं किती वर्षं ओढलं ते सांगायलाही लाज वाटते. मग एकदम त्याच कामाचं नवं इनडिझाइन सीसी घेतलं आणि जुने अंक उघडायला गेलो तर उघडेचनात. पेजमेकरच्या फाइली सीएस ६ (सीसीच्या आधीचं व्हर्जन) पर्यंतचं इनडिझाइन उघडायचं, सीसीने ती वाट बंद केली. शेवटी एका मित्राच्या प्रेसमध्ये सीएस ६ होतं तिथं बसून एकेक अंक उघडून सेव्ह केला. त्याला आमच्याकडून काही परत पाठवायचं तर आयडीएमएल (जुन्या इनडिझाइनलाही उघडता येणारा फाइलीचा प्रकार) करून द्यावं लागायचं, नाहीतर आमची फाइल त्याच्याकडे उघडत नव्हती.

त्यातही मजकूर जुन्या फॉन्टमधला, तो युनिकोड (मंगलसारख्या फॉन्टांत चालणारी, सगळीकडे सारखी अक्षरपद्धत) करून घेतला तेव्हा वाटलं सुटलो. पण ‘दुसऱ्या’, ‘करणाऱ्या’ मधला ऱ्य दोन प्रकारांनी आला, काही ठिकाणी नुक्त्याच्या (खाली टिंब असलेल्या) र ने आणि काही ठिकाणी साध्या र ला जोडणी लावून. डोळ्याला दोन्ही सारखेच, पण फाइंडमध्ये एक टाकला की दुसरा सापडत नाही. प्रूफवाल्या काकूंनी शब्द बदलायला सांगितला, आम्ही रिप्लेस ऑल केलं आणि निम्मे तसेच छापले गेले. ताई, तुमचं काम पहिल्यापासून युनिकोडमध्ये आहे, तुम्ही सुखी आहात.

टायपिंगताई_कराड
मात्रावेलांटी दादा (का ताई?) तुमच्या तोंडात साखर पडो. सब्स्टिट्यूशनमध्ये खरंच मंगलपुढं निर्मला होतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ते फॉन्ट उतरवले, वर्ड बंद करून उघडलं तर पानं २११. एक पान कमी आहे पण. पहिली तीन प्रकरणं अनुक्रमणिकेशी तंतोतंत जुळतायत, गडबड चौथ्यापासून पुढं.

खिळेजुळारी साहेब, ऑटोकरेक्ट चालूच होतं, परवा दिलेलं एक प्रतिज्ञापत्र आठवून पोटात गोळा आला, गिऱ्हाइकाला फोन लावलाय.

मात्रावेलांटी
ताईच 🙂 चौथ्या प्रकरणाच्या फाइलीवर कम्पॅटिबिलिटी मोड लिहून येतंय का बघा.

टायपिंगताई_कराड
नाही येत. बाकी सहांवर येतंय.

मात्रावेलांटी
मग तिच्यावर कन्व्हर्ट दाबलं गेलंय.

टायपिंगताई_कराड
अगं बाई हो, पहिल्या दिवशी काहीतरी विचारत होतं, मी ओके करून टाकलं. पेनड्राइव्हवर मूळची आहे तशीच आहे.

टायपिंगताई_कराड
ती उघडली. २१२. आत्ता लगेच पीडीएफ करून घेतली सगळ्याची, सोमवारी तीच प्रिंटला देते, वर्ड परत उघडतच नाही.