प्रति: बाहेरच्यांमुळे पुणं बिघडलं?

वर एका काकांनी लिहिलंय की बाहेरच्यांमुळे पुणं बिघडलं. काका, शनिवारवाडा १७३० मध्ये बांधायला घेणारे पेशवेसुद्धा मूळचे कोकणातले, श्रीवर्धनचे. हे शहर आलेल्या माणसांनीच वसवलंय. पाणी पुरत नाही हे तुमचं म्हणणं मात्र खरं आहे. शहराच्या पूर्वेला वाघोलीकडे कितीतरी सोसायट्या टँकरवर जगतात. पण तिथे इमारतींना परवानगी भाडेकरूंनी दिली नाही.

मी लातूरहून आलो. स्पर्धा परीक्षेसाठी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं भाडं देऊन, तीन वर्षं काढली, एका खोलीत पाच जण, दिवसभर अभ्यासिका, दोन वेळची मेस. पोस्ट काही निघाली नाही, म्हणजे सरकारी नोकरीसाठी निवड झाली नाही. तरी परत गेलो नाही, कारण इथे पार्ट टाइम काम करत शिकता आलं. गावाकडे ते जमलं नसतं. आमच्या मेसच्या मावशींनी दोन महिने पैसे मागितले नाहीत. त्या अस्सल पेठेतल्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

ज्या ताईंनी ‘पुण्याला येऊ का’ विचारलंय त्यांना सांगतो, सहा महिन्यांचा खर्च आणि खोलीचं डिपॉझिट हाताशी ठेवून या. स्पर्धा परीक्षेसाठी येत असाल तर किती वर्षं द्यायची ते घरच्यांशी आधीच बोलून घ्या. मी बोललो नव्हतो, आणि वडिलांनी तोवर एक एकर विकलं होतं.