परदेश नुसता पडदा म्हणून?

'रन फॉर लव्ह' या चिनी सिनेमातल्या पाचही प्रेमकथा पर्यटन खात्याच्या जाहिराती वाटतात, असं एकांनी लिहिलंय. मला अर्धंच पटतं. पाच दिग्दर्शक, पाच गोष्टी, त्यात नॉर्वे, तुर्कस्तान, जपान. आणि प्रदर्शन २०१६च्या व्हॅलेंटाइनला. प्रत्येक जोडीच्या वाट्याला जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. माणसं ओळखीची होईपर्यंत गोष्ट संपते, खरी अडचण तिथे आहे.

परदेशातलं लोकेशन म्हणजे उथळपणा, असं मात्र नाही. चिनी दिग्दर्शक फंग शियाओगांगचा 'इफ यू आर द वन' (२००८) बघाच. त्याचा शेवटचा मोठा भाग जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर घडतो. नायकाला फिरवणारा, तिथेच स्थायिक झालेला जुना चिनी मित्र निरोप घेऊन एकटाच गाडी चालवत परततो, जपानी गाणं गुणगुणतो आणि गाता गाता ढसाढसा रडायला लागतो. प्रेमकथेशी त्याचा काही संबंध नाही, तरी मला सगळ्यात आधी तेच आठवतं. दूर देशी राहिलेल्या माणसाचं एकटेपण त्या एका प्रसंगात उतरलंय. आणि गंमत म्हणजे याच सिनेमानंतर चिनी पर्यटकांची होक्काइदोकडे रीघ लागली!