राउटरच्या लॉगिनचे पान उघडत नाही, आणि उघडले तर कोणता पासवर्ड कुठे भरायचा?

कृष्णाकाठ (सातारा) यांचा प्रश्न:

नमस्कार. मी निवृत्त शिक्षक असून साताऱ्यातील एका जुन्या वाड्यात राहतो. घरी स्थानिक केबलवाल्याकडून फायबरची जोडणी घेतलेली आहे आणि त्याने दिलेली पांढरी पेटी दिवाणखान्यात, दाराच्या वरच्या कोनाड्यात बसवली आहे. भिंती दीड फूट जाडीच्या असल्यामुळे माजघरापलीकडच्या खोलीत, जिथे नात अभ्यासाला बसते, तिथे वाय-फाय जेमतेम पोहोचते. म्हणून गेल्या आठवड्यात टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूआर८४१एन हा साधा राउटर विकत घेतला, पंधरा मीटरची तयार केबल आणली आणि तिचे एक टोक पेटीत व दुसरे राउटरच्या निळ्या तोंडात खोचले. दुकानातल्या मुलाने खोके फोडून, राउटर चालू करून, मोबाइलवर काहीतरी दाबून 'बघा, चालतो' असे दाखवले होते, त्यामुळे राउटर बिघडलेला नाही याची खात्री आहे.

पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे मी मोबाइलच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ हा पत्ता लिहिला. पहिल्या वेळी राउटरचे पान उघडण्याऐवजी शोधाचे निकाल आले. त्यांतील एका पानावर 'राउटर साहाय्य' म्हणून दूरध्वनी क्रमांक होता. त्यावर फोन केला, तर समोरच्या माणसाने मोबाइलचा पडदा त्याला दिसेल असे ॲप घ्यायला सांगितले आणि वर शुल्कही मागितले, तेव्हा मी फोन ठेवून दिला. त्यानंतर पत्ता नीट लिहूनही पान उघडले नाही. काल रात्री एकदा कसे कोण जाणे ते उघडले, पण पासवर्ड विचारला. राउटरच्या पोटाखाली चिकटवलेल्या कागदावरचा आठ आकडी पासवर्ड भरला, तर तो चुकीचा असल्याचे उत्तर मिळाले. केबलवाल्याने पावतीच्या मागे आणखी एक नाव आणि पासवर्ड लिहून दिला आहे, तोही भरून पाहिला, तोही चालला नाही. हे पासवर्ड नेमके कशाचे आहेत आणि मी कोणत्या क्रमाने जावे, हे कोणी समजावून सांगेल का?

जुना तारवाला यांचे उत्तर:

नमस्कार सर. फोन ठेवलात हे फार उत्तम केलेत. राउटरच्या पानासाठी कोणत्याही कंपनीला शुल्क द्यावे लागत नाही, आणि मुळात त्या पानाचा इंटरनेटशी काही संबंधच नाही. ते पान राउटरच्या आतच साठवलेले असते. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९६च्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजानुसार खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत. आपल्या वाड्यातला १९२.१६८.०.१ वेगळा आणि माझ्या घरातला वेगळा. म्हणून बाहेरच्या कोणत्याही संकेतस्थळावर आपल्या राउटरचे पान असणे शक्य नाही. पत्त्यात शेवटच्या एकऐवजी इंग्रजी एल अक्षर पडले, मध्ये एखादी मोकळी जागा राहिली किंवा पत्ता शोधाच्या चौकटीत लिहिला गेला, की ब्राउझर त्याला शोधशब्द समजतो आणि अशा लबाडांची दुकाने समोर आणतो. पत्ता सर्वांत वरच्या पट्टीत, इंग्रजी आकड्यांत लिहा (मी येथे देवनागरीत लिहीत आहे, ते तसेच्या तसे उतरवू नका) आणि त्याच्या आधी एचटीटीपी, अपूर्णविराम आणि दोन तिरप्या रेघा लिहा, म्हणजे ही शंकाच राहणार नाही.

आता दुसऱ्या वेळी पान का उघडले नाही, ते पाहू. आपल्या वर्णनावरून मला मोबाइल डेटाचा संशय येतो. नव्या राउटरमधून अजून इंटरनेट येत नसते, हे अँड्रॉइड फोनच्या लक्षात येते आणि तो वाय-फायला जोडलेला दिसत असूनही गुपचूप मोबाइल डेटावरून पाने मागू लागतो. आपला राउटर तर त्या वाटेवर नाहीच, मग पान कसे सापडणार? काल रात्री पान उघडले तेव्हा बहुधा डेटा संपला होता किंवा बंद होता. तेव्हा मोबाइल डेटा बंद करा, फोन नव्या राउटरच्याच वाय-फायला जोडा, 'या जाळ्यावर इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहायचे का' असे विचारले तर होकार द्या आणि मग पत्ता लिहा. एवढे करूनही अडले, तर वाय-फायच्या सेटिंगमध्ये त्या जोडणीच्या तपशिलात 'गेटवे' या नावापुढे जो पत्ता दिसेल तोच राउटरचा पत्ता, मग पुस्तिकेत काहीही छापलेले असो. संगणक असेल तर त्याला केबलने जोडणे सर्वांत सोपे. तिथे जर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर संगणकाला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही असे समजावे आणि आधी केबल तपासावी.

पासवर्डांचा घोळ मात्र आपला एकट्याचा नाही. गेली कित्येक वर्षे मी घरोघरी तारा ओढतो आहे आणि दर दुसऱ्या घरी हाच प्रश्न ऐकतो. आपल्याजवळ एकूण तीन कुलपांच्या किल्ल्या आहेत. पोटाखालच्या कागदावरचा आठ आकडी पासवर्ड वाय-फायला जोडण्यासाठी आहे, त्याने फोन राउटरपर्यंत पोहोचतो आणि त्याचे काम तिथेच संपते. पावतीमागचे नाव आणि पासवर्ड हे पीपीपीओई नावाच्या पद्धतीसाठी आहेत, म्हणजे केबलवाल्याच्या यंत्रणेला 'हा अमुक ग्राहक आहे' अशी ओळख पटवण्यासाठी. आणि तिसरा पासवर्ड राउटरच्या पानात शिरण्याचा. जुन्या राउटरांत तो 'ॲडमिन' असा ठरलेला असे. नव्या राउटरांत पहिल्यांदा पान उघडणाराच तो नव्याने ठरवतो. आपला राउटर पहिल्यांदा कोणी उघडला? दुकानातल्या मुलाने. पासवर्ड त्यानेच काहीतरी ठेवला असणार आणि आता तो त्याला आठवतही नसेल. त्याला विचारण्यात वेळ घालवू नका. राउटर चालू असताना मागचे रीसेटचे बटण सुमारे दहा सेकंद, दिवे एकदम लुकलुकेपर्यंत दाबून धरा. या राउटरवर त्याच बटणाला डब्ल्यूपीएसचेही (म्हणजे पासवर्ड न लिहिता, बटण दाबून किंवा पिन देऊन वाय-फायला जोडण्याच्या सोयीचेही) काम दिलेले असते, म्हणून नुसते टिचकी मारल्यासारखे दाबून चालत नाही. राउटर पुन्हा सुरू झाला की पान उघडा, स्वतःचा पासवर्ड ठरवा आणि तो वहीत लिहून ठेवा.

पुढे इंटरनेटचा प्रकार विचारला जाईल. तिथे पावतीमागचे नाव भरण्याचा मोह होईल, पण आपल्या पांढऱ्या पेटीचे वाय-फाय आधीपासून चालते, याचा अर्थ पेटीने ती ओळख आधीच पटवलेली आहे. तेच नाव पुन्हा नव्या राउटरमध्ये भरले, तर जोडणी होणार नाही. म्हणून तिथे 'डायनॅमिक आयपी' निवडा, म्हणजे पेटी देईल तो पत्ता राउटर आपोआप घेईल. पावतीचे नाव तेव्हाच लागेल, जेव्हा केबलवाला पेटीला 'ब्रिज' करून देईल आणि राउटरचे सारे काम आपल्या राउटरकडे येईल.

शमा (पुणे) यांचे उत्तर:

तारवाला यांनी पासवर्डांचा गुंता छान सोडवला आहे, पण 'डायनॅमिक आयपी' निवडण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. तसे केले तर इंटरनेट चालेल, मात्र घरात एकामागे एक असे दोन राउटर आणि दोन वेगळी जाळी तयार होतील. काका, तुमच्याकडे दिवाणखान्यात वाय-फायचा प्रिंटर किंवा दूरचित्रवाणी संच असेल, तर माजघरापलीकडे बसलेल्या नातीच्या फोनला तो दिसणार नाही, कारण तो भिंतीपलीकडच्या नव्हे, तर वेगळ्या जाळ्यात असेल. आमच्या घरी मी प्रिंटरसाठी दोन दिवस घालवले, तेव्हा कुठे हे उमजले.

तुम्हाला दुसरा राउटर नको आहे, फक्त वाय-फायचा पल्ला वाढवायचा आहे. त्यासाठी नव्या आवृत्तीत 'ॲक्सेस पॉइंट' असा प्रकार निवडता येतो. तो दिसला तर निवडा आणि पुढचे काही वाचू नका. दिसला नाही, तर हाताने करावे लागेल आणि त्यात क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम निळ्या तोंडातली केबल काढून ठेवा. पांढऱ्या पेटीचा पत्ता, समजा, १९२.१६८.१.१ असेल, तर राउटरच्या पानात 'लॅन'च्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ असा करा. पेटी इतर उपकरणांना जे पत्ते वाटते, त्यांत हा पत्ता नाही एवढे पाहून घ्या. राउटर पुन्हा सुरू होईल, तेव्हा याच नव्या पत्त्याने पानात शिरून डीएचसीपी बंद करा, म्हणजे पत्ते वाटण्याचे काम एकट्या पेटीकडे राहील. आधी डीएचसीपी बंद केले तर तुमच्या फोनलाच पत्ता मिळणार नाही आणि पुन्हा रीसेटपासून सुरुवात करावी लागेल. शेवटी पेटीकडून आलेली केबल निळ्या तोंडात न लावता, उरलेल्या चारपैकी कोणत्याही एका तोंडात लावा. नवा पत्ता कागदावर लिहून राउटरच्या पोटाखाली चिकटवा, कारण आता पुस्तिकेतला पत्ता निरुपयोगी झाला.

उंबरठा यांचे उत्तर:

पानात शिरलाच आहात तर दोन गोष्टी उरकून घ्या. डब्ल्यूपीएस बंद करा. त्याचा पिन आठ आकडी असला तरी तो दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडू शकतो, हे २०११मध्येच उघड झाले आहे. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ आणि एईएस ठेवा, आणि दूरस्थ व्यवस्थापन (बाहेरून, इंटरनेटवरून राउटरचे पान उघडण्याची सोय) बंद असल्याची खात्री करा. पानाचा पासवर्ड 'ॲडमिन' ठेवण्याने काय होते, अशी शंका असेल तर २०१६चा मिराय हा घातक प्रोग्राम आठवावा. त्याने जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते केवळ कारखान्याने दिलेले पासवर्ड एकेक करून लावून. वाय-फायचे नाव लपवण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. त्याने चोर अडत नाही, पाहुणे अडतात.

कृष्णाकाठ यांचे उत्तर:

सर्वांचे मनापासून आभार. मोबाइल डेटा बंद करताच पान उघडले. आठवडाभर मी ज्याला राउटरचा दोष समजत होतो तो माझ्याच खिशात होता. रीसेट केल्यावर खरोखरच नवा पासवर्ड ठरवायला सांगितले. शमाताई, ॲक्सेस पॉइंटचा पर्याय मला दिसला नाही, म्हणून तुमच्या क्रमाने हाताने केले. एकदा क्रम चुकून डीएचसीपी आधी बंद झाले आणि तुम्ही म्हणालात तेच घडले, पण दुसऱ्या खेपेस जमले. आता दिवाणखान्यातला प्रिंटर नातीच्या खोलीतून चालतो.

एक शंका राहिली. माझी योजना सेकंदाला १५० मेगाबिटची आहे आणि पेटीला संगणक केबलने जोडला तर साधारण तेवढा वेग दिसतो. नव्या राउटरला केबलने जोडला तर मात्र ९४, आणि वाय-फायवर ५५ ते ६५ दिसतो. खोक्यावर तर ३०० असे ठळक छापले आहे. पुन्हा कुठे काही चुकले का?

जुना तारवाला यांचे उत्तर:

काहीही चुकलेले नाही सर. या राउटरची केबलची तोंडे १०० मेगाबिटची आहेत आणि त्यातून प्रत्यक्षात ९४च्या आसपासच मिळतात. आपली केबल पंधरा मीटरची आहे, मर्यादा शंभर मीटरची, तेव्हा केबलला दोष देऊ नका. खोक्यावरचे ३०० हे हवेतल्या वेगाचे कागदी मोजमाप आहे, तेही ४० मेगाहर्ट्झ रुंदीची वाट वापरली तर. रुंदी २० मेगाहर्ट्झ असेल तर तोच आकडा १४४ होतो, आणि हातात त्याच्या निम्म्याच्या आसपास पडतो. आपले ५५ ते ६५ म्हणजे चांगलेच आहेत, नातीच्या वर्गाला त्यातले चार-पाच पुरतात. सगळे १५० हवे असतील, तर गिगाबिटची तोंडे आणि ५ गिगाहर्ट्झ असलेला राउटर घ्यावा लागेल, पण दीड फुटाच्या भिंतीत २.४ गिगाहर्ट्झचीच लहर अधिक दूर जाते, हे ध्यानात ठेवा.

शमाताईंचे म्हणणे मला पटले. प्रिंटरचा विचार मी केला नव्हता. त्यांच्या मांडणीत आता एवढेच करा, की रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा आणि पेटी व राउटर यांना वेगवेगळी चॅनेल द्या. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ हीच तीन एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. पेटी १ वर असेल तर राउटर ११ वर टाका. दोघांचे वाय-फायचे नाव आणि पासवर्ड मात्र अक्षरशः एकच ठेवा, म्हणजे फोन घेऊन दिवाणखान्यातून माजघरात गेलात तरी पुन्हा जोडायला सांगणार नाही.

कृष्णाकाठ यांचे उत्तर:

पेटी आधीच ६ वर होती, ती तशीच ठेवून राउटर ११ वर टाकला. दोन्हींना एकच नाव दिले, पण पेटीच्या नावात एक मोकळी जागा जास्त होती, ती शोधण्यातच अर्धा तास गेला. आता ठीक चालते आहे.