गच्चीवरील सौर संच आणि स्टिल्टमधील चार्जर : केबलचा मार्ग कसा आखावा?

प्रश्न : पार्लेकर सचिव

विलेपार्ले पूर्वेतील आमच्या सोसायटीची इमारत स्टिल्ट अधिक पाच मजल्यांची असून तीत वीस सदनिका आहेत. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातील दिवे ज्या सामायिक मीटरवर चालतात, त्या मीटरसाठी गच्चीवर १० किलोवॅटचा सौर संच बसवण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत मंजूर झाला आहे. त्याच सभेत तीन सभासदांनी विजेवरच्या गाड्यांसाठी स्टिल्टमध्ये चार्जर बसवण्याची परवानगी मागितली, आणि आणखी काही जण लवकरच मागतील हे उघड आहे.

दोन ठेकेदारांनी दोन वेगळे मार्ग सुचवले आहेत. पहिल्याच्या मते पॅनेलच्या डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या) केबल सांडपाण्याच्या डक्टमधून थेट खाली आणाव्यात आणि इन्व्हर्टर (डीसीचे नेहमीच्या एसी विजेत रूपांतर करणारे यंत्र) तळाच्या मीटर रूममध्ये बसवावा. दुसऱ्याच्या मते इन्व्हर्टर गच्चीवरच ठेवून फक्त एसी केबल खाली आणावी. चार्जरसाठी मात्र दोघेही प्रत्येक सदनिकेतून स्वतंत्र लाइन खाली आणण्याचे सांगत आहेत. सौर वीज थेट गाड्यांना देता येईल का, हा सभासदांचा नेहमीचा प्रश्न आहे. भिंती आणि डक्ट एकदाच उघडायचे असल्याने जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर १ : विद्युत निरीक्षण

सचिव महोदय, आपल्या दुसऱ्या ठेकेदाराचे म्हणणे योग्य आहे, पण त्याचे कारण विजेचा अपव्यय हे नाही. ५५० वॉटची १८ पॅनेल एकाच स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक साखळीत जोडली, तर सुमारे ७५० व्होल्ट दाबावर १३ अँपिअर प्रवाह वाहतो, आणि ४ चौरस मिलिमीटरच्या सौर केबलमधून ३० मीटर खाली आणतानाही दाबातील घट जेमतेम चार व्होल्ट, म्हणजे अर्धा टक्का भरते. खरा मुद्दा सुरक्षिततेचा आहे. ऊन असेपर्यंत पॅनेल वीज निर्माण करतच राहतात, त्यामुळे खालचा मुख्य स्विच बंद केला तरी गच्चीपासून इन्व्हर्टरपर्यंतची डीसी केबल जिवंतच असते. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत असल्याने सैल जोडातील ठिणगी बऱ्याचदा आपोआप विझते; डीसीमध्ये तो क्षण येतच नाही आणि ठिणगी पेटती राहू शकते. अशी केबल पाच मजले उतरवून जिन्याजवळून किंवा मीटर रूममध्ये न्यावी, असे मला अजिबात वाटत नाही.

सांडपाण्याच्या डक्टचा विचारही सोडून द्यावा. तेथे गळती कायमची असते आणि दर वर्षी कोणी ना कोणी प्लंबर छिन्नी-हातोडा घेऊन उतरतो. लिफ्टच्या शाफ्टमध्ये लिफ्टशी संबंध नसलेली केबल नेण्यास मनाई आहे, हेही ठेकेदाराला आधीच सांगावे. वीजवाहिन्यांसाठी वेगळा डक्ट असेल तर उत्तम. नसल्यास इमारतीच्या मागच्या बाजूच्या बाह्य भिंतीवरून आर्मर्ड (पोलादी कवचाची) केबल क्लॅम्प लावून उतरवावी. १० किलोवॅटच्या थ्री-फेज इन्व्हर्टरचा प्रवाह प्रत्येक फेजला साधारण साडेचौदा अँपिअर असतो, त्यामुळे ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल एवढ्या अंतराला पुरेशी आहे. डक्टमधून जाताना प्रत्येक स्लॅबचे छिद्र अग्निरोधक मिश्रणाने बंद करून घ्यावे. हे काम देयकात लिहिले जाते आणि जागेवर विसरले जाते.

सौर वीज गाडीला थेट देण्यासाठी इन्व्हर्टर ते चार्जर अशी वेगळी केबल टाकण्याची गरज नाही. दोन्ही एकाच मीटरच्या मागे असतील तर दोन्ही वायरिंगच्या मुख्य बोर्डातच एकमेकांना भेटतात. तुमचा संच मात्र सामायिक मीटरवर आहे, म्हणून साध्या नेट मीटरिंगमध्ये (सौर वीज त्याच मीटरच्या बिलातून वजा होण्याच्या पद्धतीत) त्याचा लाभ सभासदाच्या स्वतःच्या मीटरवर चार्ज होणाऱ्या गाडीला मिळणार नाही. हे सभासदांना आधीच स्पष्ट सांगितलेले बरे, नाहीतर पहिल्या बिलानंतर सभा तापते.

उत्तर २ : मीटर रूमवाला

चार्जरबाबत दोन्ही ठेकेदारांशी माझी असहमती आहे. मुंबईतील बहुतेक इमारतींप्रमाणे तुमचेही सर्व मीटर तळालाच असतील. मग वीज मीटरपासून चौथ्या मजल्यावर चढवून पुन्हा पार्किंगमध्ये उतरवण्यात काय हशील? सभासदाच्या मीटरनंतर, त्याच्या मेन स्विचपाशी स्वतंत्र एमसीबी घेऊन तिथूनच चार्जरची लाइन काढावी.

आकडे पाहिले की फरक लक्षात येईल. ७.४ किलोवॅटचा चार्जर ३२ अँपिअर घेतो, तोही तासन्‌तास सलग. सदनिकेतून ६० मीटर लांबीची ६ चौरस मिलिमीटरची लाइन आणली तर सुमारे साडेबारा व्होल्ट, म्हणजे साडेपाच टक्के दाब वाटेतच जातो. मीटर रूमपासून २० मीटरची १० चौरस मिलिमीटरची केबल टाकली तर ही घट एका टक्क्याच्या आसपास राहते. ६ चौरस मिलिमीटरची केबलही कागदावर चालते. परंतु मुंबईचा उकाडा आणि एकाच ट्रेमध्ये शेजारी तापणाऱ्या चार-पाच केबल लक्षात घेता मी १० च घेतली असती. सभासदाचा मंजूर भार आधी वाढवून घ्यावा लागेल, ती जबाबदारी त्याची.

पार्किंगमध्ये फरशी खोदण्याऐवजी स्टिल्टच्या स्लॅबखाली बीमला लटकवलेला केबल ट्रे न्यावा आणि प्रत्येक खांबापाशी पाइपातून खाली उतरावे. नियमानुसार चार्जिंगचे सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच हवे. तुम्ही मात्र जुन्या रहिवाशांना पुराच्या पाण्याची खूण विचारून उंची ठरवा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता, आणि पार्ले तिथून एका स्थानकावर आहे. मीटर रूममधील नवा बोर्डही त्याच खुणेच्या वर लावावा. प्रत्येक चार्जरला स्वतंत्र ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवे. फक्त एसी गळती ओळखणारे, घरगुती 'एसी' प्रकारचे येथे चालत नाही. ए प्रकारचे घ्यावे आणि ६ मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखण्याची सोय चार्जरमध्ये आहे का, हे तपासावे. ती नसेल तर बी प्रकारचे घ्यावे लागते. एक्स्टेन्शन बोर्डावरून गाडी चार्ज करण्यास मनाई आहे, तशी सूचना फलकावरच लावा.

पार्लेकर सचिव

दोघांचेही आभार. मीटरपासून लाइन काढण्याचा विचार कोणीच मांडला नव्हता. दोन शंका उरतात. गच्चीवरील ऊन आणि खारी हवा इन्व्हर्टरला मानवेल का? आणि उद्या तीनाच्या दहा गाड्या झाल्या तर ट्रेमध्ये दहा केबल टाकत जायचे का?

उत्तर ३ : छज्जाखाली

इन्व्हर्टर खाली ठेवण्याचा आग्रह धरणाऱ्यांची भीती अगदीच निराधार नाही. भर उन्हात तापलेला इन्व्हर्टर स्वतःच उत्पादन कमी करतो. त्यामुळे तो जिन्याच्या खोलीच्या उत्तरेकडील बाह्य भिंतीवर, वर छज्जा आणि भोवती मोकळी हवा ठेवून बसवावा; जिन्याच्या आत, येण्या-जाण्याच्या वाटेवर नको. पाण्याच्या टाकीच्या ओव्हरफ्लोपासूनही दूर ठेवावा. सर्व केबल बॉक्समध्ये खालच्या बाजूनेच शिराव्यात आणि शिरण्यापूर्वी त्यांना खाली झोका द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी केबलवरून ओघळून आत जाण्याऐवजी तिथेच टपकते. केबलचे क्लॅम्प आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत.

पॅनेलखालील एमसी-४ जोड (पॅनेलच्या केबलचे प्लगसारखे जोड) गच्चीवर लोळत राहू नयेत. ते पावसाळाभर पाण्यात बसतात. पाइप नेण्यासाठी चायना मोझॅकमध्ये (गच्चीवरील टाइल्सच्या तुकड्यांच्या थरात) भोके पाडू देऊ नका, कारण एकदा वॉटरप्रूफिंग फुटले की पाचव्या मजल्यावरील सभासद सौर ऊर्जेचा कायमचा विरोधक होतो. काँक्रीटच्या ठोकळ्यांवर ट्रे ठेवला की काम भागते. आकाशातून पडणारी वीज जमिनीत नेणारी पट्टी याच केबलसोबत बांधून उतरवणे टाळावे. ती वेगळ्या बाजूने, शक्य तितकी सरळ जमिनीत जावी.

दहा गाड्यांबाबत : दहा चार्जर एकाच वेळी पूर्ण क्षमतेने चालले तर ७४ किलोवॅट लागतील, आणि जुन्या इमारतीची जोडणी तेवढा भार सहसा पेलत नाही. तीन-चार गाड्यांपर्यंत प्रत्येकाच्या मीटरवरून लाइन ठीक आहे. त्यापुढे सोसायटीच्या नावे गाड्यांसाठी स्वतंत्र जोडणी घ्यावी, मीटर रूमपासून स्टिल्टच्या मध्यापर्यंत एकच जाड चार-कोअर केबल टाकावी आणि तिथे सब-मीटर असलेला बोर्ड बसवून चार्जर तिन्ही फेजवर वाटून द्यावेत. अशा वेळी उपलब्ध भार गाड्यांमध्ये वाटून देणारे चार्जर घेतल्यास रात्रभरात सर्वांचे काम होते. त्यांना मुख्य केबलवरील सीटीपासून (प्रवाह मोजणाऱ्या उपकरणापासून) सिग्नलची वायर लागते, आणि ती वीजवाहिनीच्या पाइपात घालता येत नाही. म्हणून ट्रे आजच दुप्पट रुंदीचा घ्या, आणि मीटर रूमपासून बोर्डाच्या नियोजित जागेपर्यंत दोन रिकामे पाइप टाका : एक जाड केबलसाठी, एक सिग्नलसाठी. मोठ्या पाइपचा व्यास असा निवडा की केबलने आतील जागेच्या चाळीस टक्क्यांहून अधिक जागा व्यापू नये. वळणांवर ओढ-पेटी ठेवा, आणि दोन्ही पाइपांत नायलॉनची दोरी ओवून टोके बंद करून घ्या, नाहीतर उंदीर आधी राहायला येतात.

अंतिम दर मागवण्यापूर्वी दोन्ही ठेकेदारांकडून प्रत्यक्ष टेपने मोजलेल्या लांबीसह एकरेषीय आकृती (संपूर्ण जोडणी एकेका रेषेने दाखवणारा आराखडा) घ्यावी. प्रत्येक केबलची लांबी, जाडी, धातू आणि दाबातील घट तीत लिहिलेली असेल, तरच दोन दरपत्रकांची तुलना करता येईल. नुसते 'वायरिंग एकरकमी' असे लिहिलेले दरपत्रक परत पाठवावे.