पर्यटनाच्या प्रबंधासाठी गुणात्मक संशोधन: मुलाखती किती, प्रश्न कसे, कोडिंग कुठून?

मिरजकर तिकटी
एम.ए. पर्यटन, दुसरं वर्ष. विषय असा ठरतोय: अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरगावाहून येणारे पर्यटक कोल्हापुरात मुक्काम का करत नाहीत. आतापर्यंत प्रश्नावली, टक्केवारी आणि काय-स्क्वेअर ही आकड्यांची चाचणी एवढंच शिकवलंय. गाईड म्हणतात गुणात्मक पद्धतीनं, म्हणजे आकड्यांऐवजी लोकांच्या बोलण्यातून अर्थ काढत करा. तीन आठवड्यांत सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) द्यायचाय. मुलाखती किती घ्याव्या? प्रश्न कसे काढायचे? मुलाखती मराठीत आणि प्रबंध इंग्रजीत, मग कोडिंग, म्हणजे मुलाखतीतल्या वाक्यांना अर्थाची छोटी नावं देणं, कुठल्या भाषेत? महागडं सॉफ्टवेअर लागतंच का?

साधी वही
आधी विषयाचं वाक्य बदला. ‘मुक्काम का करत नाहीत’ म्हटलं की मुक्काम करायलाच हवा होता आणि काहीतरी कमी पडलं, हे धरूनच चाललात. येणाऱ्याच्या मनात तो प्रश्न आलाही नसेल. ‘बाहेरगावचे लोक कोल्हापूरची फेरी कशी आखतात आणि त्यात मुक्कामाला जागा कुठं असते’ असं ठेवा. मग मुलाखतीत ऐकण्यासारखं काहीतरी उरतं.

दुसरी गोष्ट, ‘पर्यटक’ हा शब्द. दर्शनाला आलेला माणूस स्वतःला पर्यटक म्हणवत नाही. तो ‘देवाला आलोय’ म्हणतो. तोच पुढं पन्हाळ्याला गेला की ‘फिरायला’ जातो. एकाच दिवसात, एकाच गाडीत हे दोन्ही शब्द येतात, आणि कुठल्या ठिकाणाला कुठला शब्द लागतो हाच तुमचा डेटा आहे. प्रश्नात तुम्हीच ‘पर्यटन’ घातलंत तर समोरचा तुमचा शब्द उचलतो आणि त्याचा स्वतःचा शब्द हातातून जातो.

‘का’नं सुरू होणारे प्रश्न टाळा. ‘मुक्काम का नाही केला?’ विचारलं तर ‘वेळ नव्हता’ एवढं उत्तर येतं आणि तिथंच संपतं. त्याऐवजी ‘घरातून निघाल्यापासून इथं पोचेपर्यंत कसकसं झालं ते सांगा’ म्हणा आणि गप्प बसा. मग ‘परत कधी निघायचं हे कुणी ठरवलं?’, ‘पन्हाळ्याचा विषय निघाला होता का? कोण काय म्हणालं?’ असं पुढं जा. आठ-दहा मुख्य प्रश्न पुरेत. दोन मुलाखती चाचणी म्हणून घ्या आणि त्यानंतर प्रश्न निर्धास्त बदला. प्रश्नावली मध्येच बदलली तर आकडे बिघडतात, इथं मात्र न बदलणं हीच चूक ठरते.

रंकाळा काठ
संख्येबद्दल. गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांच्या २००६ च्या लेखाचा दाखला देऊन ‘१२ पुरेत’ असं सर्रास लिहिलं जातं. त्यांनी घाना आणि नायजेरियातल्या ६० मुलाखती तपासल्या आणि बहुतेक मुद्दे पहिल्या बारांतच आले असं दाखवलं. पण तो गट बऱ्यापैकी एकसारखा होता आणि विषय आखीव होता. तुमच्याकडे सोलापूरचं कुटुंब, बेळगावचा मित्रांचा ग्रुप आणि पुण्याहून आलेलं नवं जोडपं एकाच थैलीत घातलं तर बारांत काहीच स्थिरावणार नाही. म्हणून गट आवळा: फक्त भाड्याच्या गाडीनं आलेली कुटुंबं, असं.

आणि फक्त भाविकांवर थांबू नका. बारा कुटुंबं, चार गाडीचे ड्रायव्हर, चार लॉज किंवा यात्री निवासवाले, असं धरा. ड्रायव्हर सोडूच नका. अंबाबाई, जोतिबा, नरसोबाची वाडी हा क्रम कसा लागतो आणि गाडी रात्री थांबली तर भाडं कसं वाढतं, हे त्याला तोंडपाठ असतं.

देवळाबाहेर बाई-माणसं, पोरं, पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या कुटुंबाकडून ४० मिनिटं मिळत नाहीत, हे आधीच गृहीत धरा. तिथं पंधरा मिनिटं धरा आणि नंबर घेऊन दोन-तीन दिवसांत फोनवर उरलेलं विचारा. जेवणानंतर गाडीजवळ थांबलेले लोक दर्शनाच्या रांगेतल्यांपेक्षा मोकळे बोलतात. आणखी एक अडचण: एकाला विचारलं तरी चौघं उत्तर देतात आणि वडीलधारं माणूस बोललं की सून गप्प होते. कोण कुणाला मध्येच तोडतं तेही वहीत टिपा. सुनेशी वेगळं बोलता आलं तर उत्तम.

मंगळवार, शुक्रवार आणि नवरात्रातच गेलात तर नवस फेडणारेच जास्त भेटतील, म्हणून अधलामधला साधा वारही घ्या. जोतिबाला रविवारी गर्दी असते, तेही ध्यानात ठेवा. मंदिराच्या आवारात काही करायचं तर देवस्थान समितीची लेखी परवानगी आधी काढा, ती सिनॉप्सिसला जोडता येते. रेकॉर्डिंगची संमती तोंडी घेतली तरी चालते, पण ती रेकॉर्डिंगमध्येच आली पाहिजे. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर मध्येच कॉल येऊन रेकॉर्डिंग तुटतं.

शब्दशः
एक तास रेकॉर्डिंग उतरवायला सवय नसेल तर पाच-सहा तास लागतात. वीस मुलाखती म्हणजे काय, हिशेब करा. त्यातून डी.टी.पी.वाल्याला टायपिंगला दिलंत आणि त्यानं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये करून दिलं तर कोडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नुसती चिन्हं दिसतात, काही शोधताही येत नाही. युनिकोडच हवं असं आधी बजावा.

कोडिंग मराठीतच करा. भाषांतर फक्त प्रबंधात द्यायच्या वाक्यांचं, आणि मूळ मराठी परिशिष्टात. नमुना म्हणून एक बनवलेलं वाक्य घेतो: ‘आई म्हणाली जोतिबा झाला, आता वाडी केली की सुटलो, उद्या दुकान उघडायचंय.’ नवखा विद्यार्थी यावर ‘वेळेचा अभाव’ असा कोड लावेल. पण ‘वाडी केली’ कडे बघा. ठिकाण इथं ‘बघितलं’ जात नाही, ‘केलं’ जातं, आणि ‘सुटलो’ म्हणजे ते कर्तव्य फिटलं. माझे कोड असे पडतील: ‘देव करणं’, ‘सुटणं’, ‘आईचा शब्द’, ‘दुकानाची हाक’. हेच इंग्रजीत ‘व्हिजिटेड’ केलं की आतलं सगळं पुसलं जातं.

पद्धत म्हणून ब्राउन आणि क्लार्क (२००६) यांचे सहा टप्पे वापरा. मजकुरात मुरणं, कोड, थीम (अनेक कोडना जोडणारा अर्थ) जुळवणं, तपासणं, नाव देणं, लिहिणं. ‘राहण्याची सोय’ ही थीम नव्हे, तो मथळा झाला. ‘मुक्काम म्हणजे घरच्यांपासून चोरलेला दिवस’ ही थीम, कारण ती काहीतरी म्हणते. सॉफ्टवेअर ‘टॅगेट’ (Taguette) घ्या, फुकट आहे. वीस मुलाखतींना पुरतं.

मिरजकर तिकटी
फार मदत झाली. गट आवळतो. एक उरलं: तोंडी परीक्षेत ‘हे सगळ्यांना लागू होतं का?’ विचारलं तर?

साधी वही
‘नाही’ म्हणा, आणि ‘तसा दावाच नाही’ हे लगेच जोडा. लिंकन आणि गुबा यांनी १९८५ मध्ये विश्वसनीयतेच्या चार कसोट्या मांडल्या. त्यातली इथं कामाची म्हणजे दुसऱ्या ठिकाणी लागू पडण्याची: तुम्ही गट, वार, गाडी, मार्ग इतक्या बारकाईनं लिहा की तुळजापूरवर काम करणाऱ्याला आपल्याकडे काय जुळतं ते ठरवता येईल. बाकी, कुठल्या तारखेला कुठला कोड का बदलला याची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. परीक्षक पुरावा मागतो तेव्हा तीच पुढं करायची असते, आणि ती शेवटच्या आठवड्यात बसून तयार करता येत नाही.