स्विमिंग पूलच्या कडेनं पेव्हर की शहाबादी? खाली काळी माती आहे, मदत हवी आहे

मंडळी, सोलापुरात होटगी रोडला घराच्या मागं छोटा स्विमिंग पूल बांधून घेतलाय. टाकी झाली, टाइल्स झाल्या, आता चारी बाजूनं ५ फुटांचा पट्टा करायचाय आणि तिथंच गाडं अडलंय.

कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय ६० एमएम जाडीचे सिमेंटचे पेव्हर ब्लॉक टाका, गवंडी म्हणतोय शहाबादी घाला साहेब, जवळनं येते, स्वस्तात बसते, आणि बायकोला काळा ग्रॅनाइट हवाय कारण निळ्या पाण्याशेजारी उठून दिसतो. दिसतो खरा, पण आपलं ऊन काय सांगायचं, एप्रिल-मेत ४२-४३ म्हणजे रोजचंच. म्हणून तिन्हीचे तुकडे आणून दुपारी गच्चीवर ठेवले आणि अनवाणी उभा राहून बघितलं, काळ्या ग्रॅनाइटवर पाय टेकवला आणि लगेच उचलला, फिकट करडा पेव्हर त्यातल्या त्यात बरा. पोरं ओल्या पायानं पळणारच, त्यामुळं पॉलिशवालं तर काहीच नको.

शहाबादीवर बाथरूमचं ॲसिड टाकून बघितलं, फस्सकन फेस आला आणि पांढरा डाग राहिला. चुनखडीच ती. पूलचा पीएच उतरवायला ॲसिड लागतं, कधीतरी सांडणारच की. सिमेंटच्या पेव्हरलाही ॲसिड खातंच, पण तेवढाच ब्लॉक बदलता येतो, म्हणून मन पेव्हरकडं झुकतंय.

पण खरी भीती खालची आहे. टाकीसाठी खोदलेली काळी मातीच परत कडेनं लोटलीय आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतो पाणी मारा, बसंल आपोआप. ही माती पावसाळ्यात फुगणार, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणार, मग वरचं कसं टिकायचं? ढाळ किती द्यायचा? कोपिंगला, म्हणजे पूलच्या काठावरच्या पट्टीला, चिकटून बसवायचं का? कुणी केलं असेल तर सांगा ओ.

प्रतिसाद १:
साइटवरच असतो म्हणून सांगतो, पेव्हर का ग्रॅनाइट ते नंतर बघा, आधी ती माती काढा. मुरूम भरा, ६-६ इंचाचे थर, प्रत्येक थराला पाणी मारून प्लेट कॉम्पॅक्टर (थर दाबायचं छोटं मशीन) फिरवा. टाकीच्या भिंतीजवळ मोठा रोलर अजिबात नको. वर खडी-डस्टचा दाबलेला थर, मग इंचभर क्रशसँड, त्यावर ब्लॉक, सांध्यात कोरडी बारीक वाळू. बाहेरच्या कडेला काँक्रीटची पट्टी पाहिजेच नाहीतर ब्लॉक सरकत जातात. ढाळ पूलपासून बाहेर, ५ फुटाला इंचभर. कोपिंगला चिकटवू नका, १०-१२ एमएम गॅप सोडा, त्यात फोम आणि वरनं सीलंट, सिमेंट भरलं की कोपिंगच उचकटतं. पेव्हरचं बरं असं की कुठं खचलंच तर तेवढेच काढून, वाळू टाकून परत बसवता येतात, कोब्यावरची फरशी फोडावी लागते.

प्रतिसाद २:
बोअरचं पाणी वापरणार असाल तर काळा ग्रॅनाइट विसराच, क्षाराचे पांढरे डाग पुसून कंटाळाल. वहिनींना एकदा दाखवा कुणाकडचं तरी.

धागाकर्ता:
धन्यवाद! पेव्हर फायनल, घरातली बोलणी चालू आहेत. पण माती काढायची तर जेसीबी टाकीला लागेल, माणसंच लावावी लागतील. पूल भरलेला ठेवून काढू की रिकामा करून?

प्रतिसाद १:
टाकीचं आरसीसी डिझाइन ज्या इंजिनिअरनं केलंय त्याला विचारल्याशिवाय कुदळ लावू नका. आणि चारी बाजू एकदम उघड्या करू नका, एक बाजू काढायची, भरून दाबून घ्यायची, मग दुसरी.