टेलर, फायॉल, वेबर : तिघांना एकाच पोत्यात कशाला कोंबता?

मापारी
"टेलर, फायॉल, वेबर म्हणजे माणसाला यंत्र समजणारी एकच जुनाट विचारसरणी, आजच्या ऑफिसातून ती केव्हाच हद्दपार झाली." काल एका पोस्टीत हे ठणकावून लिहिलं होतं आणि खाली टाळ्यांचा पाऊस. तिथे दोन ओळींत उत्तर मावेना, म्हणून वेगळा धागा.

टेलर हा स्टॉपवॉच लावून काम मोजणारा अमेरिकन इंजिनिअर, फायॉल फ्रेंच खाणकंपनीचा प्रमुख, वेबर जर्मन समाजशास्त्रज्ञ. एक तर या तिघांचं आपसात पटत नाही. टेलरने एका कामगारावर आठ फोरमन बसवले. चार प्लॅनिंग रूममध्ये: कामाचा क्रम, सूचना-कार्ड, वेळ-खर्च, शिस्त. चार शॉप फ्लोअरवर: गँग बॉस, स्पीड बॉस, इन्स्पेक्टर, रिपेअर बॉस. फायॉलने १९१६ साली नेमकं यावरच बोट ठेवलं, कारण 'एका माणसाला एकच वरिष्ठ' हे त्याचं तत्त्व इथे मोडीत निघतं. आजच्या मॅट्रिक्समध्ये, म्हणजे एका माणसाला एकाहून जास्त साहेब असलेल्या रचनेत, प्रोजेक्ट मॅनेजर एक तारीख देतो, फंक्शनल (म्हणजे खात्याचा) मॅनेजर दुसरी, आणि अप्रेझल तिसराच लिहितो. तोच वाद अजून मिटलेला नाही. वेबर तर मॅनेजरांसाठी लिहीतच नव्हता. त्याने नोकरशाहीचं वर्णन केलं, शिफारस नाही.

आणि हद्दपार? कॉल सेंटरच्या स्क्रीनवर लाल होणारा आकडा स्टॉपवॉचच आहे. फक्त आता ते कुणी हातात धरत नाही.

नवखा_नाही
वंशावळ छान मांडलीत. खाली बसलेल्याला काय फरक पडतो? विचार वरच्यांनी करायचा, हात खालच्यांनी चालवायचे, एवढं तिघांत समान आहेच. टेलरने प्रयोग केलेल्या बेथलेहेम स्टील या अमेरिकन कारखान्याचा हिशेब घ्या: माणशी रोज १२.५ टन लोखंड वाहिलं जायचं, ते ४७.५ टनांवर नेलं. मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५. म्हणजे काम पावणेचारपट, पगारात ६१ टक्के वाढ. उरलेलं कुणाच्या खिशात गेलं?

मापारी
खिशाचा प्रश्न रास्त आहे. पण त्याच हिशेबाचा दुसरा भाग कुणी सांगत नाही. लोखंडाची एक लाट, म्हणजे ठोकळा, ९२ पौंडांची, म्हणजे दहा तासांत सुमारे ११५६ लाटा, साधारण ३१ सेकंदांना एक. टेलरचा नियम असा की या वजनाला माणूस दिवसाच्या ४३ टक्के वेळच ओझ्याखाली असावा, ५७ टक्के मोकळा. म्हणजे त्या ३१ पैकी अंदाजे १३ सेकंद हातात वजन, १८ सेकंद रिकामे. आजच्यांनी वेळ मोजणं तेवढं उचललं आणि ५७ टक्के सोयीस्करपणे विसरले. माझं भांडण त्याच्याशी आहे.

तिरकस
वा, भक्त असावा तर असा! ते आकडे कसे आले तेही सांगा की. रेगे आणि पेरोनी या अभ्यासकांनी १९७४ साली या गोष्टीची चिरफाड केली आहे. निवडक धडधाकट गड्यांनी मालगाडीचा एक डबा झपाट्याने भरला, त्यावरून दिवसाचा आकडा ताणला, मग विश्रांतीपोटी अंदाजपंचे वजावट केली. याला सायंटिफिक म्हणायचं असेल तर ज्योतिषालाही म्हणा.

घड्याळवाला
तिरकस, टेलरवरचा राग समजतो, पण टाइम स्टडी म्हणजे अंदाजपंचे नव्हे. आधी काम एलिमेंटमध्ये, म्हणजे छोट्या-छोट्या टप्प्यांत, तोडायचं, प्रत्येकाची सुरुवात-शेवट डोळ्याला दिसेल किंवा कानाला ऐकू येईल अशी: पार्ट उचलला, फिक्स्चरमध्ये (पार्ट धरून ठेवणाऱ्या साधनात) बसला, क्लॅम्प आवळला. पुरेशी आवर्तनं मोजायची. सरासरी ०.८० मिनिट आणि माणूस ११० रेटिंगने (नेहमीचा वेग १०० धरून) चाललाय, तर नॉर्मल टाइम ०.८८. त्यावर थकवा-खोळंब्यापोटी १५ टक्के अलाउन्स, स्टँडर्ड टाइम १.०१२ मिनिट. तासाला ५९ नग.

नवखा_नाही
ते ११० कुणी ठरवलं?

घड्याळवाला
प्रशिक्षित निरीक्षकाने.

नवखा_नाही
म्हणजे निरीक्षकाच्या मनाने! तीन दशांशांपर्यंत गणित आणि मधोमध एका माणसाचं मत. तोच ९५ धरा: नॉर्मल ०.७६, स्टँडर्ड ०.८७४, तासाला ६८ नग. घड्याळ तेच, हात तेच, नऊ नग हवेतून आले. शिवाय मोजणारा समोर उभा राहिला की कामगार मुद्दाम संथ चालतो, हे ओळखून निरीक्षक रेटिंग पाडतो, आणि तो पाडणार हे ओळखून कामगार आणखी संथ होतो. वॉटरटाउन आर्सेनल या अमेरिकन सरकारी शस्त्रकारखान्यात १९११ साली मोल्डरांनी (ओतकाम करणाऱ्यांनी) संप केला तो या घड्याळावरूनच.

घड्याळवाला
म्हणून तर एकाच फिल्मवर चारचौघांना रेटिंग द्यायला लावून तफावत तपासतात. ते न करता कागद भरणाऱ्यांचं पाप पद्धतीच्या माथी मारू नका. खरी चूक नंतर होते: फिक्स्चर बदललं, माल बदलला, तरी नगामागचा दर जुनाच. आणि पद्धत जराही न बदलता, फक्त कमाई वाढली म्हणून दर कापला, तर ते मात्र सरळ लुबाडणं. त्याला दुसरा शब्द नाही, झालं समाधान?

नवखा_नाही
अर्धं.

रांगेतला_पुढचा
टेलरवरून किती वेळ? मापारींनी कॉल सेंटर काढलं आणि सोडून दिलं. एएचटी म्हणजे एका कॉलला लागणारा सरासरी वेळ: बोलणं, होल्ड आणि कॉलनंतरची नोंद यांची बेरीज. त्यावर दट्ट्या आला की पहिली कात्री नोंदीवर. नोंद अर्धवट, म्हणून ग्राहक परत फोन करतो तेव्हा पुढचा एजंट सगळं पहिल्यापासून विचारतो. अवघड कॉल ट्रान्सफर होतो, म्हणजे एकाच तक्रारीचे दोन छोटे कॉल. सरासरी देखणी, रांग लांब. एएचटी मनुष्यबळ ठरवायला लागतोच, रांगेचं गणित मांडणाऱ्या अर्लांगच्या सूत्रात तो घातल्याशिवाय किती माणसं हवीत हे निघत नाही. पण मनुष्यबळ आखायचं माप एकेका एजंटचं टार्गेट केलं की माती. एजंटची बढती एएचटीवर आणि टीम लीडची रिपीट कॉलवर, हा विनोद कोण करतं?

तिरकस
ज्यांनी टेलर अर्धा वाचला ते. बघा मापारी, तुमचाच मुद्दा मी मांडला, दक्षिणा नंतर पाठवा.

अनुलग्नक
फायॉलला कुणी वाली नाही का? त्याच्या नावाने अप्रूव्हलची साखळी खपवतात याचा मला संताप आहे. दोन खात्यांतल्या माणसांना बोलायचं तर पाच पायऱ्या वर आणि पाच खाली, हे त्यानेच उदाहरण म्हणून दाखवलं आणि त्यानेच मधे फळी टाकायला सांगितली: त्या दोघांनी थेट बोलावं, आपापल्या लगतच्या साहेबांची आधी संमती असावी, आणि काय ठरलं ते लगेच कळवावं. आज काय होतं? थेट मेल टाकली की "सीसीमध्ये का नाही घेतलं", आणि घेतलं की सतरा जण 'नोटेड' लिहितात.

नवखा_नाही
पण फळी टाकायला परवानगी साहेबाचीच ना? फिरून तिथेच.

अनुलग्नक
एकदा द्यायची, दर मेलला नव्हे! तुम्हाला भांडायचंच असेल तर भांडा.

मापारी
नवखा_नाही, वरच्या-खालच्यांची विभागणी ही एवढी एक गोष्ट तुमच्या पदरात घालतो, नाइलाजाने. पण तीही घड्याळाला चिकटलेली नाही. १९८४ साली कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्स आणि टोयोटाचा न्यूमी हा मोटारींचा भागीदारी कारखाना सुरू झाला. तिथे स्टॉपवॉच टीममधल्या कामगारांच्याच हातात होतं. एकमेकांचं काम तेच मोजायचे आणि स्टँडर्ड वर्कचा (काम कसं करायचं ते ठरवणारा) तक्ताही तेच लिहायचे. घड्याळ राहिलं, प्लॅनिंग रूम खाली आली.

नवखा_नाही
आणि लाइनचा वेग? गाडी किती सेकंदांनी पुढे सरकायची, तो आकडा कुठल्या टीमने लिहिला होता?

घड्याळवाला
तो टॅक्ट टाइम. उपलब्ध वेळ भागिले मागणी. टीमने लिहायचा प्रश्नच येत नाही.

नवखा_नाही
मग त्या सेकंदांत किती माणसं उभी करायची, तो आकडा? तिथे मागणीचा भागाकार नाही हो.